रेडिओ आणि संगणक, दोन्ही एकाच हेडफोनमध्ये

मोर्समध्ये एक क्षीण स्टेशन ऐकत होतो. कॉलसाइनची, म्हणजे स्टेशनच्या ओळख-नावाची, पहिली चार अक्षरं कागदावर उतरली होती. पाचवं खरखरीतून वर येत होतं, आणि नेमक्या त्याच क्षणी संगणकाच्या स्पीकरवर निरोप आल्याची घंटी वाजली. अक्षर गेलं. पुन्हा विचारलं, पण तोवर सिग्नल खरखरीत बुडून गेला होता. त्या काळात मी हेडफोनचा एक कप कानावरून मागे सरकवून बसायचो, म्हणजे संगणकाचंही ऐकू यावं. त्या उघड्या कानातून संगणकाबरोबर पंख्याची घरघर आणि बाहेरची रहदारीही आत यायची. क्षीण सिग्नल पकडायला दोन्ही कान लागतात, आणि मी त्यातला एक खोलीला देऊन टाकला होता.

हौशी रेडिओच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, आज संगणकाकडूनही बरंच काही ऐकायचं असतं. लॉगिंगचा प्रोग्राम सांगतो की हे स्टेशन आधीच नोंदलेलं आहे. क्लस्टरवर, म्हणजे कोणतं स्टेशन कुठे ऐकू येतंय याच्या इंटरनेटवरच्या यादीत, हवा तो देश झळकला की इशारा वाजतो. एफटी८ ही संगणकामार्फत निरोप पाठवण्याची पद्धत चालू असेल तर आपलं कॉलसाइन कुणी घेतलं की प्रोग्राम हाक देतो. स्पर्धेत आधी रेकॉर्ड करून ठेवलेले आपलेच निरोप वाजत असतात. कुणी नेटच्या, म्हणजे रेडिओवर भरणाऱ्या सामूहिक बैठकीच्या, जोडीला इंटरनेटवरच्या गप्पाही चालू ठेवतं. आणि ज्यांना दिसत नाही अशा हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर सतत ऐकावा लागतो. फ्रीक्वेन्सी, लॉगमधला रकाना, मेन्यूतली ओळ, सगळं त्यांच्यापर्यंत आवाजातूनच पोचतं. त्यांच्यासाठी हे दोन आवाज नीट एकत्र येणं ही निव्वळ सोय नाही, स्टेशन चालवण्याची पहिली गरज आहे.

माझं या बाबतीतलं मत पक्कं आहे आणि पुढचं सगळं त्याच्याच भोवती फिरतं: रेडिओचा आवाज रिगमधून, म्हणजे रेडिओच्या यंत्रातून, निघून सरळ तारेने कानात यावा, आणि संगणकाचा आवाज वाटेत त्याला येऊन मिळावा. उलट नको. म्हणजे रेडिओ आधी संगणकात नेऊन, तिथे मिसळून, मग हेडफोनमध्ये आणायचा नाही. का, ते पुढे येईलच. आधी तारांचं बघू.

वाय-केबल का चालत नाही

पहिला मोह होतो तो वाय-केबलचा. दोन प्लग, एक सॉकेट. एक प्लग रिगमध्ये, दुसरा संगणकात, हेडफोन सॉकेटमध्ये. आवाज येतोही, म्हणून माणूस फसतो. ही केबल एका आउटपुटचे दोन वाटे करण्यासाठी असते. दोन आउटपुट एकमेकांना बांधण्यासाठी नसते.

कारण असं. हेडफोन चालवणाऱ्या कुठल्याही अॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध मुद्दाम अगदी कमी ठेवलेला असतो, म्हणजे हेडफोनने कितीही करंट ओढला तरी तारेवरचं व्होल्टेज ढळू नये. आता रिगचा अॅम्प्लिफायर म्हणतो, या क्षणी तारेवर अर्धा व्होल्ट हवा. संगणकाचा म्हणतो, शून्य हवा. एकच झोपाळा दोघांनी दोन बाजूंनी धरून आपापल्या तालात ओढावा तशी ही ओढाताण. शांत बसलेलं संगणकाचं आउटपुट रिगच्या दृष्टीने जवळजवळ शॉर्टच असतं. आवाज दबतो, फाटतो, अॅम्प्लिफायर तापतो. रिग जोरात असेल तर संगणकाचं नाजूक आउटपुट कायमचं बिघडू शकतं.

यावरचा उपाय फार साधा आहे. दोघांच्या मध्ये थोडी ढील द्यायची. प्रत्येक आउटपुटपुढे एकेक रेझिस्टर लावायचा आणि रेझिस्टरच्या पलीकडे तारा एकत्र करायच्या. मग दोन अॅम्प्लिफायर एकमेकांना थेट भिडत नाहीत, आणि जोडावर दोघांच्या आवाजाची बेरीज तयार होते.

चार रेझिस्टरची पेटी

रिगचा स्पीकर सॉकेट आणि संगणकाचा हेडफोन सॉकेट घेऊन ही पेटी अर्ध्या तासात होते. रिगचा आवाज मोनो असतो, संगणकाचा स्टिरिओ. म्हणून रिगच्या एका तारेतून १०० ओहमचे दोन रेझिस्टर काढायचे, एक डाव्या कानाकडे, एक उजव्या. संगणकाच्या डाव्या तारेतून १०० ओहमचा एक डावीकडे, उजव्या तारेतून एक उजवीकडे. एकूण चार. ग्राउंड सगळ्यांचं एक. हे चार वेगवेगळे का ठेवायचे, तर रिगची तार दोन्ही कानांना सरळ बांधली की संगणकाचे डावा-उजवा हे दोन आवाजही तिथेच एक होऊन जातात, आणि पुढे कानात जागा वाटून देण्याची संधीच राहत नाही.

किती आवाज उरतो, ते मोजून बघू. समजा हेडफोन ३२ ओहमचा आहे. रिगच्या बाजूने पाहिलं तर १०० ओहमच्या पुढे ३२ ओहमचा हेडफोन, आणि त्याला समांतर संगणकाकडे जाणारे १०० ओहम. ३२ आणि १०० समांतर म्हणजे सुमारे २४ ओहम. म्हणजे १२४ पैकी २४, जवळजवळ पाचवा हिस्सा व्होल्टेज हेडफोनवर येतं. डेसिबलमध्ये सुमारे १४ची घट. हे ऐकायला जास्त वाटतं, पण रिगचा स्पीकर अॅम्प्लिफायर ८ ओहमला २ वॉट देतो तेव्हा ४ व्होल्ट काढत असतो. त्याचा पाचवा हिस्सा ०.८ व्होल्ट, आणि ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये त्याचे २० मिलिवॉट होतात. एवढा आवाज कानाला सोसणारही नाही, व्हॉल्यूम खालीच ठेवावा लागेल. संगणकाने १ व्होल्ट दिला तर कानापाशी ०.२ व्होल्ट, म्हणजे सव्वा मिलिवॉट. तेही साध्या हेडफोनला पुरून उरतं. ४ व्होल्ट आले तरी एका रेझिस्टरमध्ये एक दशांश वॉटच्या आसपास उष्णता होते, तेव्हा पाव वॉटचे रेझिस्टर बिनधास्त चालतात.

या घटीचा एक फायदाही होतो. स्पीकरसाठी बनलेल्या अॅम्प्लिफायरला स्वतःची थोडी सळसळ असते, आणि हेडफोन थेट लावला की ती कानात बोचते. १४ डेसिबल खाली आली की ती बहुधा ऐकूही येत नाही.

पण स्पीकर सॉकेटमध्ये प्लग घालण्याआधी एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही रिगमध्ये, विशेषतः गाडीत बसवायच्या लहान रिगमध्ये, स्पीकरच्या दोन्ही तारा अॅम्प्लिफायरने उचलून धरलेल्या असतात. त्याला ब्रिज पद्धत म्हणतात. तिथे एकही तार ग्राउंड नसते. अशा रिगची एक तार पेटीतून संगणकाच्या ग्राउंडला लागली की अॅम्प्लिफायरची आयसी (चिप) जाऊ शकते. तपासणी सोपी आहे. रिग चालू करून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि सॉकेटची बाहेरची तार व रिगची धातूची पेटी यांच्यात मोजा. शून्य आलं तर तार ग्राउंड आहे. ६-७ व्होल्ट, म्हणजे पुरवठ्याच्या निम्मे, दिसले तर तो ब्रिज समजा, आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर घातल्याशिवाय काहीही जोडू नका.

प्लगचंही पाहून घ्या. स्टिरिओ प्लगला तीन भाग असतात: टोकाला टिप, मधल्या कड्याला रिंग, बुडाला स्लीव्ह. मोनो प्लगला रिंग नसते, तिथे स्लीव्हच लांब असते. मोनो प्लग स्टिरिओ सॉकेटमध्ये घातला की उजवा कान थेट ग्राउंडला शॉर्ट होतो. उलट, स्टिरिओ हेडफोन मोनो सॉकेटमध्ये घातला की आवाज एकाच कानात येतो. नवीन जोडणी केली आणि एकच कान बोलतोय असं झालं तर पेटी उघडण्याआधी प्लग बघा.

मिक्सर घ्यायचा असेल तर

चार रेझिस्टरच्या पेटीची मर्यादा एवढीच की दोन्ही बाजूंनी जोरदार आउटपुट लागतं. रिगच्या मागच्या अॅक्सेसरी सॉकेटमधून आवाज घ्यायचा झाला तर तिथे ही पेटी पुरणार नाही. त्या सॉकेटवर साधारण १०० ते ३०० मिलिव्होल्ट येतात, आणि तेही काही हजार ओहमच्या अंतर्गत रोधामागून. हेडफोन त्यावर हलतसुद्धा नाही. सहा पिनांच्या मिनी-डिन डेटा सॉकेटवरचा आवाजही असाच हलका असतो. पण या आउटपुटचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे त्याची पातळी ठरलेली असते. पुढचं व्हॉल्यूमचं बटण कुठेही फिरवा, इथे फरक पडत नाही. मिक्सरवर एकदा जमवलेला समतोल मग कुणाच्या हाताने बिघडत नाही. जोडण्याआधी एवढंच बघा की तुमच्या रिगमध्ये या आउटपुटवर मोर्सचा साइडटोन, म्हणजे आपण पाठवतो ते आपल्यालाच ऐकवणारा सूर, येतो का. काही रिगमध्ये येत नाही, आणि मग आपल्याच मोर्सच्या कीचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

अशा हलक्या सिग्नलना ऑप-अँपचा, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या आयसीचा, मिक्सर लागतो. त्याची युक्ती मला आजही सुंदर वाटते. प्रत्येक आवाज १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ऑप-अँपच्या उलट्या इनपुटला आणायचा आणि आउटपुटपासून त्याच इनपुटला १० किलोओहमचाच रेझिस्टर परत आणायचा. ऑप-अँप आपलं आउटपुट असं हलवत राहतो की तो जोडबिंदू कायम शून्य व्होल्टवर थांबावा. प्रत्येक आवाजाला वाटतं, आपण ग्राउंडलाच जोडलेलो आहोत. शेजारून दुसरा कुणी आलाय हे त्याला कळतच नाही. म्हणून एका आवाजाचं बटण फिरवलं की दुसरा जरासुद्धा कमी-जास्त होत नाही. रेझिस्टरच्या पेटीत हे साधत नाही, तिथे सगळे एकमेकांवर थोडे रेलून असतात. एनई५५३२सारखी जुनी, विश्वासू आयसी हे काम उत्तम करते आणि थोडाफार हेडफोनही चालवते.

घरी बनवायचं नसेल तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी मिळणारा चार चॅनेलचा लहान मिक्सर घ्या. त्यात प्रत्येक मोनो चॅनेलला पॅनचं बटण आहे ना, एवढं नक्की पाहा. आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवणारं ते बटण आपल्याला व्हॉल्यूमच्या बटणाइतकंच उपयोगी पडणार आहे. रिग मोनो चॅनेलमध्ये, संगणक स्टिरिओ चॅनेलमध्ये, की काम झालं.

घूं आणि खर्र

दोन यंत्रं जोडली की बहुतेकांच्या वाट्याला पहिल्याच दिवशी एक खोल घूं येते. ती ५० किंवा ६० हर्ट्झची असते, घरातल्या विजेच्या वारंवारतेवर अवलंबून, आणि तिच्या पटीतले सूरही बरोबर असतात. कारण समजायला अवघड नाही. रिगचं ग्राउंड पॉवर सप्लायमधून जमिनीपर्यंत गेलेलं असतं, संगणकाचं त्याच्या सप्लायमधून. आता ऑडिओच्या तारेने दोघांची ग्राउंड जोडली की एक बंद कडं तयार होतं. त्यात विजेच्या तारांमुळे बारीक करंट फिरतो, आणि त्याने ग्राउंडच्या तारेवर पडणारं सूक्ष्म व्होल्टेज आवाजात मिसळतं. रिग यूएसबी केबलनेही संगणकाला जोडलेली असेल तर एक कडं आधीच झालेलं असतं, ऑडिओची तार दुसरं करते.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. घूं गेली म्हणजे चोर सापडला. कायमचा उपाय म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. ६०० ओहमला ६०० ओहम, एकास एक असा लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घेतला की आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि ग्राउंड मात्र तुटलेलं राहतं. संगणकाच्या स्टिरिओसाठी दोन लागतात. त्यांच्या दोन्ही बाजूंचे ग्राउंड पेटीच्या धातूला लागून पुन्हा एक होणार नाहीत याची काळजी घ्या, नाहीतर सगळा खटाटोप वाया.

मी ट्रान्सफॉर्मर नेहमी संगणकाच्या तारेत घालतो, रिगच्या नाही. लहान ट्रान्सफॉर्मर खालचे सूर थोडे खातो आणि जोराच्या आवाजाला फाटतो. इशाऱ्याच्या घंटीचं तेवढं बिघडलं तर चालेल. क्षीण सिग्नलच्या वाटेत मात्र शक्य तितकं कमी काही असावं. चार रेझिस्टरच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर टाकला तर त्याच्या तारेचा स्वतःचाच काही दशक ओहम रोध असतो. तेव्हा संगणकाकडचे रेझिस्टर थोडे कमी केले तरी चालतं.

फक्त प्रसारण करतानाच खर्र किंवा आपल्याच आवाजाची वेडीवाकडी सावली ऐकू आली, तर तो ग्राउंडचा दोष नाही. हेडफोनच्या, मिक्सरच्या तारा अँटेनासारख्या वागतायत आणि रेडिओ लहरी ऑप-अँपमध्ये शिरून तिथे आवाजात बदलतायत. तारेचे काही वेढे फेराइटच्या कड्यातून काढा. एचएफसाठी, म्हणजे शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांसाठी, मिक्स ३१ या मिश्रणाचं फेराइट चांगलं. मिक्सर धातूच्या पेटीत ठेवा.

संगणकातून मिसळणं आणि उशीर

आजच्या बऱ्याच रिगमध्ये साउंड कार्ड आतच असतं. एक यूएसबी केबल लावली की रिगचा आवाज संगणकात. विंडोजमध्ये मायक्रोफोनच्या गुणधर्मांत ‘हे उपकरण ऐका’ अशी खूण केली की तोच आवाज हेडफोनमध्ये, संगणकाच्या बाकी आवाजांबरोबर. व्हॉइसमीटरसारखा प्रोग्राम घेतला की पडद्यावर अख्खा मिक्सर. लिनक्समध्ये पाइपवायर हेच करतं. एक पैसा नाही, एक डाग सोल्डर नाही. मग मी अडून का बसलोय?

उशिरामुळे. संगणक आवाजाचे तुकडे गोळा करतो, पुढे ढकलतो, पुन्हा गोळा करतो. प्रत्येक टप्प्यावर थोडे मिलिसेकंद जातात, आणि साध्या मांडणीत त्यांची बेरीज सहज पन्नास-शंभरच्या घरात किंवा पुढे जाते. आता मोर्सचं गणित बघा. एका डिटची, म्हणजे मोर्समधल्या आखूड टिंबाची, लांबी मिलिसेकंदांत काढायची तर १२०० भागिले मिनिटाला शब्द. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगाने एक डिट ४८ मिलिसेकंदांचा. म्हणजे साइडटोन ५० मिलिसेकंद उशिरा आला तर बोटाने दुसरं काही सुरू केल्यावर कानात आधीचा डिट वाजतो. हात चाचपडू लागतो. चांगला हात असलेल्या माणसाला मी असं अडखळताना पाहिलंय, आणि दोष त्याच्या हाताचा नव्हता.

बोलण्याचंही तसंच. आपलाच आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिराने कानात आला तर बोलणारा अडखळतो, शब्द लांबवतो. हा परिणाम सगळ्यात तीव्र होतो तो २०० मिलिसेकंदांच्या आसपास. ब्लूटूथ हेडफोन नेहमीच्या पद्धतीने जोडला की उशीर बहुधा याच पट्ट्यात येतो. मोर्ससाठी आणि आपला आवाज ऐकत बोलण्यासाठी ब्लूटूथ नकोच.

दुसरी अडचण कमी ठाऊक आहे. रिगच्या साउंड कार्डचं घड्याळ वेगळं, हेडफोनवालं वेगळं. दोघंही सेकंदाला ४८,००० नमुने म्हणतात, पण दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. दशलक्षात ५० एवढाच फरक असला तरी सेकंदाला २.४ नमुन्यांची तफावत पडते, तासाभरात साडेआठ हजारांहून जास्त. चांगला प्रोग्राम ती हळूच सावरून घेतो. साधा प्रोग्राम मधूनच टक्क असा आवाज करतो किंवा उशीर वाढवत नेतो. तास-दोन तासांनी टकटक सुरू झाली की लोक अँटेनाचे सांधे तपासत बसतात.

जिथे रिग मुळातच दूर आहे आणि आवाज इंटरनेटवरून येतोय, तिथे संगणकातच मिसळणं योग्य. निव्वळ ऐकायचं असेल, एफटी८ बघत बसायचं असेल, तरी उशिराने काही बिघडत नाही. मोर्सची की किंवा माइक हातात असेल तर मात्र सरळ तार.

संगणकाचा आवाज हवेत जाऊ नये

रिगचं यूएसबी साउंड कार्ड जोडलं की संगणकाला वाटतं, नवे स्पीकर आले. तो सगळे आवाज तिकडे वळवतो. मग निरोपाची घंटी, व्हिडिओतलं संगीत, स्क्रीन रीडरचं बोलणं, सगळं रिगच्या मॉड्युलेशनला जाऊन पोचतं. पीटीटी, म्हणजे प्रसारण चालू करणारं बटण, प्रोग्रामच्या हातात असेल तर ते फक्त प्रसारण चालू असतानाच बाहेर पडतं. पण व्हॉक्स, म्हणजे आवाज आला की आपोआप प्रसारण सुरू करणारी सोय, चालू असेल तर घंटी स्वतःच ट्रान्समीटर चालू करते. हौशी बँडवर संगीत पाठवायला बहुतेक देशांच्या नियमांत मनाई आहे, आणि सुमारे साडेबारा सेकंदांच्या एफटी८च्या प्रसारणात मध्येच घंटी वाजली की शेजारच्या क्षीण स्टेशनवर ती आदळते.

म्हणून संगणकाच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये रिगचं कार्ड कधीही मुख्य आउटपुट ठेवू नका. ते फक्त डब्ल्यूएसजेटी-एक्ससारख्या एफटी८च्या प्रोग्राममध्ये नावाने निवडा. मुख्य आउटपुट संगणकाचं स्वतःचं, जे पेटीतून हेडफोनला जातं. रिगच्या कार्डला ओळखू येईल असं नाव देऊन ठेवा, कारण केबल काढून दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली की विंडोज कधी कधी त्याला नवंच उपकरण समजून पुन्हा मुख्य करून टाकतं. आणखी एक सेटिंग बघा. ‘संवाद’ या टॅबखाली, कॉल सुरू झाल्याचं वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणण्याची निवड आधीपासून केलेली असते. इंटरनेटवरच्या गप्पा सुरू केल्या की लॉगिंगचे इशारे एकदम मुके होतात ते यामुळे. तिथे ‘काहीही करू नका’ निवडा.

कानात जागा वाटून देणं

इथपर्यंत तारांचं झालं. खरी मजा मला वाटते ती यापुढे. दोन आवाज एकाच जागी, डोक्याच्या मधोमध, एकमेकांवर पडले तर दोन्ही दमवतात. तेच थोडे अलग ठेवले तर मेंदू हवा तो उचलतो. कॉलिन चेरी यांनी १९५३मध्ये हेच तपासलं होतं. दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली तर माणूस एकाकडे लक्ष देऊन ते सहज म्हणून दाखवतो. दोन्ही एकत्र दोन्ही कानांत दिली तर तेच काम फार कठीण जातं. गर्दीत शेजारच्या माणसाचं बोलणं आपण ऐकू शकतो ते या क्षमतेवर.

माझी मांडणी अशी: रेडिओ दोन्ही कानांत सारखा, म्हणजे डोक्याच्या मध्यावर. संगणक उजवीकडे, पुरता एका कानात नाही, पण स्पष्ट कळेल इतका कडेला. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी तर तो पुरा एका कानात टाकून बघावा. बोलण्याला बोलणं सगळ्यात जास्त झाकतं, आणि एसएसबीचा, म्हणजे हॅमच्या बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा, ३०० ते २७०० हर्ट्झचा पट्टा स्क्रीन रीडरच्या आवाजानेच भरलेला असतो. दोघांना वेगळं करायला बाजू हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग. दोन रिग एकाच वेळी चालवणारे स्पर्धक एक रिग डाव्या कानात आणि दुसरी उजव्या कानात ठेवतात ते याचसाठी. त्यांच्या बाबतीत संगणक मध्यावर आणा.

इशाऱ्याचा सूरही निवडून घ्या. कानाचा एक स्वभाव आहे: जोरातला खालचा सूर त्याच्या वरच्या सुरांना झाकतो, वरचा सूर खालच्याला तेवढा झाकत नाही. मोर्स तुम्ही ६०० हर्ट्झवर ऐकत असाल तर ३०० हर्ट्झचा जाडा बूप सिग्नलच खाऊन टाकेल. त्याऐवजी १५०० हर्ट्झच्या आसपासची, आखूड, हलकी टिक ठेवा. ती बाजूला वाजून जाते आणि अक्षर शाबूत राहतं. मी माझ्या संगणकावरचे सगळे इशारे बदलून असे तीनच ठेवलेत, बाकीचे बंद.

पातळी जमवणं

संगणकापासून सुरुवात करू नका. आधी रेडिओ, आणि तोही रिकाम्या बँडवर. एजीसी, म्हणजे क्षीण आणि जोरदार सिग्नल आपोआप सारख्या पातळीवर आणणारी सोय, चालू ठेवा, हेडफोन घाला, आणि खरखर जेमतेम जाणवेल इतकंच व्हॉल्यूम वाढवा. मग एखादं जोरदार स्टेशन गाठा. त्याने कान दुखत नसेल तर ही रेडिओची जागा. त्यानंतर संगणकाचा आवाज शून्यापासून वर आणत, त्या खरखरीतून इशारा ओळखू आला की थांबा. बहुतेक जण इथे दुप्पट पुढे जातात. इतका कमी आवाज सुरुवातीला पुरेसा वाटत नाही, पण दहा मिनिटांत कान त्याला सरावतात.

एजीसी बंद करून ऐकणाऱ्यांनी हेडफोनच्या प्रत्येक कानासमोर १एन४१४८चे दोन डायोड उलटसुलट जोडून ग्राउंडला लावावेत. व्होल्टेज ०.६च्या आसपास गेलं की ते वाहू लागतात आणि अचानक आलेला तडाखा बोथट होतो. पण तो तडाखाच बोथट होतो. रोजचा आवाज मोठा ठेवला तर डायोड वाचवणार नाहीत. कामगारांच्या सुरक्षेसाठी अनेक ठिकाणी ८५ डेसिबल ही ८ तासांची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. स्पर्धेत आपण चोवीस, अठ्ठेचाळीस तास हेडफोन लावून बसतो हे लक्षात घेतलं तर व्हॉल्यूमचं बटण खालच्या बाजूलाच राहायला हवं.

सगळं जमल्यावर एक शेवटची परीक्षा घ्या. स्टेशन ऐकत असतानाच संगणकाची तार पेटीतून उपटा. ऑप-अँपच्या मिक्सरमध्ये रेडिओत काहीच बदल व्हायला नको. चार रेझिस्टरच्या पेटीत रेडिओ किंचित वर येईल, जवळजवळ दोन डेसिबलने, कारण संगणकाकडे जाणारे १०० ओहम आता त्याचा भार राहिलेले नाहीत. तार परत लावली की तो तेवढाच खाली बसेल, आणि उजवीकडून हलकीशी टिक येईल.